शाळा हा खर्च नव्हे, ही वस्तीची ठेव आहे!

वीस मुलांसाठी दोन शिक्षक, एक इमारत आणि वर्षाकाठी लाखो रुपयांचा पगार सरकारला कसा परवडणार? मंत्रालयापासून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीपर्यंत गेली काही वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे. तो इतक्या समंजस आवाजात विचारला जातो की, आमच्यातली शिकलीसवरलेली माणसेही मान डोलावतात आणि म्हणतात, 'खरेच आहे, चार पोरांसाठी शाळा चालवायची कशाला?' पण हा हिशेब लिहिणाऱ्याने वहीचे एकच पान भरले आहे. खर्चाचे पान भरले आणि जमेचे पान कोरे ठेवले. सावकाराने आमच्या आजोबांना असाच हिशेब दाखवला होता. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी अंगठा उठवला. आम्हाला वाचता येते. तेव्हा जमेचे पान आज आपणच लिहू.

आधी वस्तुस्थिती. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ यांची नावे पुढे करण्यात आली. अशा शाळांची संख्या तेव्हा १४ हजारांहून अधिक होती आणि त्यांत पावणेदोन लाखांवर मुले शिकत होती. त्याच महिन्यात सरकारी शाळा उद्योगपतींना आणि दात्यांना 'दत्तक' देण्याची योजनाही आली. ज्याचे आईबाप हयात नाहीत त्याला दत्तक देतात. इथे मायबाप सरकार जिवंत असताना लेकरू दत्तक द्यायला निघाले!

या शाळा आहेत कुठे? गावाच्या मध्यावर, पाटलाच्या वाड्याजवळ त्या नाहीत. त्या आहेत वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर, डोंगराच्या कुशीत. त्यांतल्या कित्येक शाळा २००० सालच्या सुमारास 'वस्तीशाळा' म्हणून सुरू झाल्या. गावातली शाळा लांब होती म्हणून कुणाच्या तरी पडवीत, समाजमंदिरात, झाडाखाली मुले बसवली गेली आणि आमच्याच पोरापोरींनी तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे ती शिकवली. पुढे शिक्षण हक्क कायदा २००९ आला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असे अंतराचे बंधन झाले. वस्तीशाळांचे प्राथमिक शाळांत रूपांतर झाले. वस्ती लहान म्हणून शाळा लहान. आता ती लहान आहे याच गुन्ह्यासाठी तिला शिक्षा होणार असेल, तर हा गुन्हा शाळेचा की वस्तीला गावाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा?

सरकारी पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तिचा मोठा वाटा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी सरकारला ठणकावून सांगितले. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी फेटाळला. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यांनी केली.

त्या निवेदनातली आणखी एक गोष्ट आज आवर्जून आठवली पाहिजे. गावच्या शिक्षकाला चांगला पगार द्या, एवढेच सांगून फुले थांबले नाहीत. गावचा हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम, स्टॅम्पची विक्री अशी कामे त्याच्याकडे सोपवा, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असे त्यांनी सुचवले. याचा अर्थ काय? गावाचा कागद आणि गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या बस्त्यातून काढून शाळेत आणावा, हा तो विचार होता. शाळा हे गावच्या अर्थकारणाचे केंद्र आहे, हे जोतीरावांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एका लहानशा संस्थानाला जे परवडले, ते देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला परवडत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

आणि बाबासाहेब? चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणखर्चाच्या मागणीवर डॉ. आंबेडकर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहासमोर ठेवला. दारूतून जेवढे घेता, किमान तेवढे तरी शिक्षणावर परत द्या, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली पुन्हा निरक्षरतेच्या खाईत पडतात, हेही त्यांनी आकड्यानिशी दाखवले. शिक्षण खाते म्हणजे दिलेल्या पैशाचा मोबदला वसूल करण्याचे दुकान नव्हे, शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. लक्षात घ्या, बोलणारा माणूस कोलंबिया आणि लंडनहून अर्थशास्त्राच्या पदव्या घेऊन आलेला होता. पैशाचे मोल त्याला कळत नव्हते, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आता जमेचे पान भरू या.

पहिली नोंद मजुरीची. इंडोनेशियाच्या सरकारने १९७३ ते १९७८ या काळात तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. ती मुले मोठी होऊन कमावू लागल्यावर एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली, तिथे त्या मुलांची पुढची कमाई १.५ ते २.७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि २०१९ साली या बाईंना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दीड-दोन टक्के वाढ ऐकायला किरकोळ वाटते. पण ती एका वर्षाची नाही, आयुष्यभराची आहे, आणि एका माणसाची नाही, अख्ख्या पिढीची आहे. शाळेवरचा खर्च आज दिसतो. त्याची परतफेड पंधरा-वीस वर्षांनी सुरू होते आणि चाळीस वर्षे चालते. पाच वर्षांनी निवडणूक लढवणाऱ्याच्या वहीत ती कशी उतरणार?

दुसरी नोंद गावातून बाहेर जाणाऱ्या पैशाची. समजा, एका वस्तीतली चाळीस मुले तालुक्याच्या खाजगी इंग्रजी शाळेत जाऊ लागली. फी, गाडीभाडे, गणवेश, वह्या-पुस्तके मिळून एका मुलामागे वर्षाला पंधरा हजार धरा. खेड्यात हा आकडा फार नाही. चाळीस मुलांचे सहा लाख झाले. दर वर्षी सहा लाख रुपये त्या वस्तीतून उचलले जातात आणि तालुक्याच्या संस्थाचालकाच्या तिजोरीत जाऊन पडतात. हे संस्थाचालक कोण आहेत, हे आम्ही सांगायची गरज नाही. साखर कारखाना त्यांचा, पतसंस्था त्यांची, शाळाही त्यांचीच. उसाची मजुरी एका हाताने द्यायची आणि शाळेच्या फीतून दुसऱ्या हाताने काढून घ्यायची! २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि या दुकानदारीला राजमार्ग मिळाला. जिल्हा परिषदेची शाळा चांगली चालते, तेव्हा हेच सहा लाख वस्तीत राहतात. त्यांतून शेळी येते, घरावर पत्रा येतो, आजारपणात सावकाराचे दार टळते.

तिसरी नोंद माउलीच्या रोजगाराची. शाळा म्हणजे शिकवण्याची जागा आहेच, पण मजुरी करणाऱ्या आईच्या दृष्टीने ती लेकराला दिवसभर सुरक्षित ठेवणारी आणि दुपारी गरम जेवण देणारी जागा आहे. शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली की सहा वर्षांच्या पोरीला सोडायला आणि आणायला कुणीतरी जावे लागते. त्यापायी आठवड्यातून दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि रोज तीनशे रुपये धरला, तर आठवड्याला सहाशे रुपये गेले. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर चोवीस हजार. हा खर्च सरकारच्या वहीत कुठे लिहिला आहे? तो लिहिलेला नाही, कारण तो आमच्या बायांच्या पदरातून जातो. आणि बहुतेक घरी हा प्रश्न सोडवण्याची एक जुनी रीत आहे. मुलगी शाळेतून काढायची आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवायची. ज्या राज्यात सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली, तिथे मुलीला शाळेबाहेर काढण्याचे काम आता अंतर करणार आहे.

चौथी नोंद शाळेतल्या चुलीची. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालय आणखी पुढे गेले. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना प्राधान्य द्या, असे सांगितले. ज्या हाताचे पाणी चालत नव्हते, त्या हाताने शिजवलेली खिचडी गावची सगळी पोरे एका पंगतीत बसून खातात, ही क्रांती लहान नाही. देशात ठिकठिकाणी या पंगतीवर बहिष्कार टाकण्याचे प्रकार झाले, ते याच कारणाने. या बायांना मिळते ते मानधन लाजिरवाणे आहे. केंद्राने २००९ साली महिना एक हजार रुपये ठरवले. राज्याने त्यात नंतर भर घातली, तरी ते मजुरीच्या जवळपासही जात नाही. ते वाढले पाहिजे. पण शाळाच गेली तर मानधनही गेले, भाजीवालीचे गिऱ्हाईक गेले, गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचे काम गेले, आणि ती पंगतही गेली.

पाचवी नोंद कागदाची. शहाण्यांच्या हिशेबात ती कधीच येत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर ही आमच्या समाजाची सातबारा आहे. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते, त्यांचे नाव, गाव, जात आणि जन्मतारीख यांची पहिली सरकारी नोंद झाली ती शाळेत. जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा कुठे सापडतो? आज्याच्या नाहीतर चुलत आज्याच्या शाळेच्या दाखल्यात. त्या एका ओळीवर नातवाची शिष्यवृत्ती, वैद्यकीयची जागा, नोकरी आणि निवडणुकीतली राखीव जागा उभी असते. शाळा बंद झाली की ते रजिस्टर कुणाच्या कपाटात जाते? वाळवीने खाल्ले तर जबाबदार कोण? साताऱ्याच्या सरकारी शाळेने ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव रजिस्टरात १९१४ क्रमांकावर लिहिले. ती नोंद जपली गेली आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. पुढे जगाने त्या मुलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखले. सरकारी शाळेतही विटाळ होता, बसायला गोणपाट होते, हे खरेच. पण दार उघडले ते सरकारी शाळेनेच. धर्माच्या पाठशाळेने ते कधी उघडले नसते.

सहावी नोंद इमारतीची. मतदान केंद्र शाळेत, लसीकरण शाळेत, ग्रामसभा शाळेत, पूर आला की आसरा शाळेत. २०२० च्या कोरोनाकाळात मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या आमच्या माणसांना गावाने वेशीवर अडवले, तेव्हा विलगीकरणासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांच्या खोल्याच उघडल्या गेल्या. संस्थाचालकांच्या कितीशा चकचकीत इमारती तेव्हा आपणहून उघडल्या होत्या?

एवढे जमेचे पान भरल्यावर आम्ही प्रामाणिकपणे दुसरी बाजूही बोलली पाहिजे. चळवळीचे काम आरतीचे नाही, चिकित्सेचे आहे. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. गुरुजी तालुक्याला राहतात आणि त्यांचा पगारही तालुक्यातच खर्च होतो. एका खोलीत चार वर्ग आणि एकच शिक्षक असेल तर शिकवणार काय? निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांत त्याचा निम्मा जीव जातो. हे सगळे खरे आहे. पण रोगी अशक्त आहे म्हणून त्याला औषध द्यायचे की मूठमाती? आधी शिक्षक द्यायचे नाहीत. शिक्षक नाहीत म्हणून मुले जातात. मुले गेली म्हणून शाळा बंद करायची. याला धोरण म्हणत नाहीत, ठरवून केलेला उपास म्हणतात.

आणि या शाळांत जीव नाही, हेही खोटे आहे. २०२० साली ज्या शिक्षकाला जगातला दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याच्या परितेवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. इंग्रजी हवे म्हणून खाजगी शाळेत जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून शिकवले जाते. ते नीट शिकवले जावे, यासाठी भांडावे लागेल. पण त्यासाठी आपली मुले तिथे असावी लागतात.

इथेच आमचे खरे दुखणे आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, महापालिकेच्या शाळेत शिकून, शिष्यवृत्तीवर वाढून, राखीव जागेवर नोकरी मिळवून आम्ही शहरात स्थिरावलो. जयंतीला गावी जातो, वर्गणी देतो, भाषण करतो. पण गावच्या शाळेच्या पायरीवर किती वर्षांत चढलो नाही, हे कुणी स्वतःला विचारत नाही. आमची मुले तिथे नाहीत, म्हणून ती शाळा गेली तरी आमच्या पोटात कालवाकालव होत नाही. ज्या शिडीने वर आलो, ती खालून कुणी काढत असेल आणि आम्ही गच्चीवर उभे राहून बघत असू, तर समाजाचे ऋण फेडण्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने करायच्या?

लढले तर जिंकता येते, याचा ताजा दाखला समोर आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. गंमत बघा! शाळा बंद करताना सरकारी शाळा नको होती, श्रीमंतांच्या शाळेचे दार गरिबाला बंद करताना मात्र तीच सरकारी शाळा आठवली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

तेव्हा बांधवांनो, करायचे काय, ते नेमके ठरवू. कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे. या समित्या कागदावर राहू देऊ नका. आमच्या मायबहिणी तिथे सही करायला नको, प्रश्न विचारायला बसल्या पाहिजेत. शाळा बंद करण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत ठराव करून लेखी विरोध नोंदवा आणि वर मांडलेले जमेचे पान आपल्या वस्तीच्या आकड्यांनिशी भरून त्याला जोडा. किती मुलांची फी वाचते, किती आयांची मजुरी टिकते, किती बायांना चुलीवर काम आहे, हे लिहून द्या. आपल्या शाळेचे जुने रजिस्टर कुठे आहे, ते आजच जाऊन पाहा आणि त्याच्या प्रमाणित प्रती मागा. रिक्त पदांसाठी पंचायत समितीवर मोर्चा न्या. आणि ज्यांची ऐपत झाली आहे, त्यांनी जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा आपल्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला द्यावा, महिन्यातून एक दिवस तिथे जाऊन बसावे.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात तो एकदाही गाठला गेला नाही. आमच्या मुलींना शाळेत यावे म्हणून १९९२ साली दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो दशकानुदशके एक रुपयाच राहिला. या देशात पैसा नव्हता असे नाही. आमच्या लेकरांची किंमत किती धरायची, हे दुसरेच कुणी ठरवत आले.

ती किंमत आता आम्ही ठरवू. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेतला पहिला शब्द उच्चारायलाही वस्तीत शाळा लागते. ती वाचवणे हे आजच्या चळवळीचे पहिले काम आहे.

जयभीम!